कॅफेत डोलवलेली मान

मुलीनं नागपूरहून फोन केला आणि मी तीनचार वेळा "हो, हो" म्हणून फोन तिच्या आईकडे दिला. मुलगी काय म्हणाली ते मला बायकोकडूनच कळलं. तिनं निवडलेल्या मुलाची आई आम्हाला भेटायला येणार होती, आणि भेट घरी नको, गोंदियातल्या कॅफेत होऊ दे, असं मुलीचं म्हणणं होतं. घरी बोलावलं की पोहे होतात, शेजारच्या बायका येतात, मग ते बघण्याचा कार्यक्रम होऊन जाते. कॅफेत साधं बसू, बोलू, कॉफी पिऊ.

"आन तुमी तं हो म्हणून मोकळे झाले," बायको म्हणाली. "मले वाटलं तुमी नाही म्हणान."

मी म्हटलं, "त्यात काय नाही म्हणायचं."

खरं म्हणजे मी कशाला हो म्हटलं होतं तेच मला माहीत नव्हतं. त्या काळात माझं अर्धं आयुष्य असंच चाललं होतं.

मी राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे. तरुणपणापासून त्याच धडधडीत उभा आहे. हलर, पॉलिशर, धान वर नेणारे एलिवेटर, सगळं एकदम सुरू असलं की तिथं कोणी कोणाशी बोलत नाही, हातवारे करतात किंवा कानाला तोंड लावून ओरडतात. आम्हाला कोणी कानात घालायला काही दिलं नाही आणि दिलं असतं तरी आम्ही घातलं नसतं. उजवा कान आधी गेला. मग डावाही हळूहळू जाऊ लागला. ठार बहिरा झालो असतो तर कदाचित सांगून टाकलं असतं. पण असं होत नाही. आवाज येतो, शब्द येत नाही. कोंडा उडताना दिसतो, दाणा हाती लागत नाही.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मिलमध्ये सांगायची सोय नव्हती, कारण मशीनचा आवाज बदलला की आधी सुपरवायझरला कळलं पाहिजे. मी मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून, पायाखालच्या जमिनीचा थरथराट ओळखून निभावून नेत होतो. आणि बाहेर सांगायची लाज वाटत होती. आमच्याकडे आंधळ्याची लोक कीव करतात, बहिऱ्याला हसतात. त्याच्यावर गोष्टी रचतात. मीही अशा गोष्टी सांगून लोकांना हसवलेलं आहे.

चहाच्या ठेल्यावर काही अडत नव्हतं. तिथं सगळेच ओरडून बोलतात, उत्तराची वाट कोणी बघत नाही, समोरच्याचं तोंड उजेडात असतं आणि विषय ठरलेले असतात. धानाचा भाव, कोणाचं लग्न, कोणाचा ॲक्सिडेंट. दोन ओठ हलले की पुढचं वाक्य ओळखता येतं. मधूनमधून "हाव ना" म्हटलं, एकदोनदा "होते असं" म्हटलं की माणूस गप्पांमध्ये आहे असं सगळ्यांना वाटते. मलाही वाटायचं.

कॅफेत मी कधी गेलो नव्हतो. म्हणजे बाहेरून पाहिले होते. अलीकडे आमच्या गावात हे फार झालेत. मोबाइलच्या दुकानाच्या वर, कोचिंग क्लासच्या शेजारी, जिथं जागा मिळेल तिथं. जिन्यातूनच गाणं ऐकू येते म्हणतात. मला ते पायाला ऐकू आलं.

वर गेलो तर काळ्या भिंती, एका भिंतीवर प्लास्टिकचं गवत, त्यात इंग्रजी अक्षरांचे गुलाबी दिवे. खाली गुळगुळीत फरशी, वरती उघडा पत्रा. आवाज शोषून घेईल असं एक फडकंसुद्धा कुठं नव्हतं. गाणं सुरू होतं, त्यातला फक्त ढोल माझ्या छातीत वाजत होता. काउंटरमागे कॉफीचं मशीन वाफ सोडायचं, मिक्सरमध्ये बर्फ फुटायचा, आणि कोणी खुर्ची ओढली की दातात कळ यायची. एका टेबलावर कॉलेजच्या पोरांचा वाढदिवस होता. "अरे वॉल्यूम बढा ना यार," असं एक पोरगा काउंटरकडे बघून ओरडला. ते मला समजलं, कारण त्यानं हातानं बटण फिरवून दाखवलं. मला वाटलं, अजून कुठं वाढवता बाप्पा.

बाकी टेबलांवर पोरंपोरी डोक्याला डोकं लावून हळू बोलत होती. याचंच मला नवल वाटलं. मिलमध्ये आवाज असला की आम्ही ओरडतो. इथं एवढ्या आवाजात ही मुलं कुजबुजत होती, आणि त्यांना एकमेकांचं समजत होतं.

मुलाची आई आमच्या आधी येऊन बसली होती. दरेकशाकडच्या एका खेड्यात अंगणवाडी चालवते. नवरा मुलं लहान असतानाच गेलेला, भावाच्या आधारानं तिनं घर ओढलं, एवढं मुलीनं आम्हाला सांगून ठेवलं होतं. अंगानं बारीक, फिकट हिरवं पातळ, दोन्ही हात टेबलाखाली. तिलाही ती जागा नवीन होती हे दिसत होतं. मुलगा तिच्या शेजारी. उंच, चेहऱ्यानं मऊ. तो वाकून पाया पडला, मला बरं वाटलं.

बसताना माझा घोटाळा झाला. भिंतीकडची खुर्ची मला दिली, आणि ती बाई आली माझ्या उजव्या हाताला. आता मी उठून जागा बदलली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मी बसून राहिलो.

पहिली काही मिनिटं बायकोनं सांभाळली. तिला बोलायला आवडतं. मी तिच्याकडे बघून हसायचं तेव्हा हसत होतो, मान हलवायची तेव्हा हलवत होतो. मग मुलगी आणि मुलगा ऑर्डर द्यायला काउंटरवर गेले. तिथं आपणच जायचं असते, नंबर पुकारला की आपणच आणायचं असते. बायकोला कॉफीवर फेसाचं पान कसं काढतात ते जवळून पाहायचं होतं, तीही त्यांच्यामागे गेली.

टेबलावर आम्ही दोघंच उरलो.

ती बाई माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघून बोलायला लागली. माझ्याकडे बघून बोलली असती तर काहीतरी कळलं असतं. तिचे ओठ मला अर्धेच दिसत होते, आणि त्याच वेळी मिक्सर सुरू झाला. तो थांबला तर वाढदिवसाच्या टेबलावर सगळे एकदम गायला लागले. त्या सगळ्याखालून तिचा आवाज येत होता, दूरच्या धानाच्या बांधीतून कोणी बोलावं तसा. "...मोठा..." असं काहीतरी आलं. "...तुमाले सांगितलं पाहिजे..." हे कदाचित आलं, कदाचित मी नंतर जोडलं.

मला वाटलं, ही त्यांच्या गरिबीचं सांगून राहिली. लग्नाच्या बोलण्यात एक वेळ अशी येतेच. आमचं घर लहान आहे, आमच्यात हे नाही, ते नाही, सांभाळून घ्या. मी मुलीचा बाप असून ती मला असं म्हणते आहे, याचं मला बरंही वाटलं. मी माझा चेहरा गंभीर केला. तिचं बोलणं थांबलं तसे दोन्ही हात जोडले आणि म्हणालो, "असं मनात आणू नका. आमची काही हरकत नाही. होते असं सगळ्यांच्याच घरी."

तिनं एकदम वर पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. पदरानं तोंड पुसलं आणि ती काहीतरी म्हणाली. मी पुन्हा मान डोलवली.

बायको कॉफीचे कप घेऊन आली, मुलगी सँडविच घेऊन आली, आणि ती भेट फार छान झाली. घरी येताना मी खुशीत होतो. कोणाला काही कळलं नाही, याच्या खुशीत.

महिनाभरानं साक्षगंधाची तारीख काढायला पुन्हा तिथंच बसलो. या वेळी मुलीला नागपूरहून यायला जमलं नव्हतं, पण मुलाचा मामा आला होता. रेल्वेत गँगमन आहे. रुळावर काम करून त्याचा आवाज असा झाला आहे की दोन शेतांपलीकडचा माणूस मागे वळून पाहील. मला तो माणूस आल्याबरोबर आवडला. त्याचं सगळं मला ऐकू येत होतं. कितीतरी दिवसांनी मी गप्पांमध्ये खरंच होतो. दरेकशाच्या बोगद्याचं, रुळावर येणाऱ्या अस्वलाचं, सगळं तो सांगत होता आणि मी खरं हसत होतो, योग्य जागी हसत होतो.

तेवढ्यात लाइट गेली. दिवे इन्व्हर्टरवर आले, पण गाणं बंद पडलं, मशीन बंद, मिक्सर बंद. सगळा कॅफे एकदम थांबला. आणि मामा गाण्याच्या वर जायला लावलेल्या आवाजातच बोलत राहिला.

"नाही, पण तुमच्यावानी मानूस मी पाह्यला नाही इवाई! आमचा मोठा भासा सिकलसेलनं गेला, लहान्याच्या रक्तातही थे हाय, हे आयकून लोक उठून जातेत. आमच्या ताईनं तुमाले सांगितलं तं तुमी हात जोडले. म्हणे, काही हरकत नाही! म्हणे, होते असं सगळ्यांच्याच घरी! मी गावात सगळ्याईले सांगितलं, असा मानूस राह्यते जगात!"

सगळ्या टेबलांवरची तोंडं आमच्याकडे वळली. एका पोरीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मुलाच्या आईनं भावाचा हात धरला आणि काहीतरी हळू म्हणाली, बहुतेक "हरू बोल". मुलाची मान खाली गेली होती. ज्याच्या रक्ताबद्दल बोलणं चाललं होतं तो तिथंच बसला होता, अनोळखी पोरांसमोर.

गाणं, मिक्सर काही मधे न येता त्या कॅफेत मला ऐकू आलेलं ते पहिलंच बोलणं.

माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं. मी तरी काय सांगणार होतो? मी चेहरा हलू दिला नाही. सिकलसेल म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक गावात एखादं घर असतेच. सांधे धरून रडणारं पोर, पिवळे डोळे, रक्त चढवायला गोंदियाच्या दवाखान्यात चकरा. आणि मी त्याला हात जोडून हो म्हणून बसलो होतो.

लाइट आली, गाणं पुन्हा सुरू झालं, पोरांनी तोंडं फिरवली. मामा माझ्या पाठीवर थाप मारून सँडविच खायला लागला.

घरी येताना स्कूटरवर बायको मागून काही बोलली असेल तर मला कळलं नाही. घरी आल्यावर ती समोर उभी राहिली. "तुमी मले सांगितलं काऊन नाही?"

दोन उत्तरं होती. एक, मला ऐकूच आलं नव्हतं. दुसरं मी दिलं.

"त्यात काय सांगायचं," मी म्हणालो. "माणसं चांगली आहेत. बाकी काय पाहायचं."

ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं असेल तर मला आठवत नाही. मग म्हणाली, "पोरीची तपासणी तं करा लागन. तेवढं मी इचारतो तिले," आणि आत गेली. जेवायला बसलो तर माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. व्हिडिओवर मी ओठ पाहू शकतो, म्हणून अलीकडे तोच करायची तिला सवय लावली होती. ती रडत होती आणि हसत होती.

"बाबा, आईनं मला आत्ता सांगितलं. आमची तपासणी आम्ही केव्हाच केली. तो नुसता वाहक निघाला, आजार नाही. माझं एकदम नॉर्मल आहे. मुलांना आजाराची भीती नाही, डॉक्टरनं समजावून सांगितलं. पण तुम्हाला कसं सांगायचं याची मला इतकी भीती होती. मला वाटायचं, तुम्ही नाही म्हणाल. म्हणून मी त्याच्या आईला म्हटलं होतं की थांबा, मी सांगते. त्यांनी माझ्याआधीच सांगितलं, त्यालाही न कळवता, आणि तुम्ही..." तिला पुढं बोलवेना. "सॉरी बाबा. मी तुम्हाला ओळखलं नाही."

तिनं मला बरोबर ओळखलं होतं. त्या दिवशी त्या बाईचा आवाज माझ्या कानात शिरला असता तर मी कॉफी संपवली असती, गोड बोललो असतो, आणि घरी येऊन मुलीला म्हणालो असतो की हे जमायचं नाही. तपासणी, वाहक, कशाची वाट पाहिली नसती. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यावर स्वतःशी वाद घालायलाही जागा नव्हती. मला वाटत होतं माझी लाज कानात आहे. ती कानात नव्हती.

आणि वर लोक मला मोठं म्हणत होते. मामानं खरोखरच गावभर सांगितलं होतं. मिलमध्ये सालेकशाकडून धान आणणारा एक शेतकरी येतो, तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि माझे हात हातात घेऊन काहीतरी बोलला. एक शब्द ऐकू आला नाही, पण तो कशाबद्दल बोलतो आहे हे त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. मी मान डोलवली.

त्या रविवारी बायकोला मिलचं काम आहे सांगून मी दरेकशाची गाडी धरली. डब्यात गर्दी नव्हती. सालेकसा गेलं की डोंगर जवळ येतात, साग आणि बांबू खिडकीला लागतात. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्याला अडत होतो. स्टेशनवर उतरणारे आम्ही मोजकेच होतो. विचारत विचारत घर सापडलं. सारवलेलं अंगण, एका बाजूला मोहाचं झाड, ओट्यावर सूप. ती उडीद पाखडत होती. मला एकट्याला पाहून घाबरली.

"काय झालं जी? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. सगळं बरं आहे." मी ओट्यावर बसलो. "जरा या बाजूला बसता का? मला या कानानं थोडं ऐकू येते. दुसऱ्यानं येत नाही."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी म्हणालो, आणि ते माझ्या बायकोला नाही, मुलीला नाही, या बाईला.

ती डाव्या बाजूला येऊन बसली. तिथं काही आवाज नव्हता. मी सांगितलं. मिलचं सांगितलं, कानाचं सांगितलं, कॅफेतलं सांगितलं. तुम्ही बोललात त्यातलं मला काहीच समजलं नव्हतं, असं म्हणालो.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्हनजे तुमी काहीच आयकलं नाही?"

"नाही."

"मंग हात कायले जोडले?"

मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही घराचं सांगून राहिल्या. लहान घर आहे, सांभाळून घ्या, असं."

ती हसेल असं मला एक क्षण वाटलं. ती हसली नाही. मग म्हणाली, "मी त्या दिवशी घरी आली आन पोट भरून जेवली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा असं वाटलं का कोणाले तरी सांगितलं आन त्यानं घेतलं."

ओट्यावर सांडलेले दोन दाणे मी उचलून सुपात टाकले.

"मंग आता पुन्हा सांगू?" तिनं विचारलं. रागानं नाही. नुसतं विचारलं. आणि सांगायला लागली.

मोठा मुलगा लहानपणापासून दुखणाईत होता. थंडीत त्याचे हातपाय इतके दुखायचे की रात्रभर ती गरम कपड्यानं शेकत बसायची. शाळेत हुशार होता, चित्रं काढायचा. रक्त लागलं की भाऊ त्याला गाडीनं गोंदियाला न्यायचा. विशीत पोचला तेव्हा तिला वाटलं, आता निभलं. मग एका हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचूनही तो राहिला नाही. हे सांगताना मधे तिचा आवाज बारीक झाला आणि मला शब्द येईनासे झाले. आता मान डोलवायची नाही, हे मी ठरवून आलो होतो. "ऐकू आलं नाही," मी म्हणालो. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा आलं नाही. तिसऱ्यांदा तिला मोठ्यानं म्हणावं लागलं, "मेला! पोरगा मेला म्हनतो!" शेजारच्या अंगणातली बाई कुडाजवळ येऊन पाहू लागली.

एका आईला मी तिच्या मुलाचं मरण ओरडून सांगायला लावलं. कॅफेतल्या त्या चुकीपेक्षा मला हेच जास्त टोचते, आणि इथं तर मी खरं वागत होतो.

ती डोळे पुसून सावरली. म्हणाली, "आता आयकलं?"

"हो."

"मंग आता बोला."

काही हरकत नाही, हे शब्द तोंडाशी आले होते. किती सोपे होते ते. मी म्हणालो, "त्या दिवशी ऐकू आलं असतं तर मी उठून गेलो असतो."

"गेलेच असते. तुमच्या आंधी गेलेत लोक. एक तं चायही घेतला नाही." ती थांबली. "आन आज?"

"आज पोरीनं सांगितलं. तिचं नॉर्मल आलं. म्हणून भीती नाही."

"आन नसतं आलं नॉर्मल तं?"

ती वाट पाहत होती. कुडाजवळची बाई गेली, एक मालगाडी घाट चढत गेली, तिचा थरथराट ओट्यातून मला कळत होता. या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही.

तिनं उठून चहा मांडला. कप हातात देताना म्हणाली, "एक आयका. माझ्या भावाले हे सांगू नका. त्यानं मोठ्या आनंदानं गावात सांगितलं हाय. पोराले बी नोका सांगू. त्यायले बरं वाटून राह्यलं तं वाटू द्या."

म्हणजे ते मोठेपण मला वापरतच राहायचं होतं. मी ते उतरवून ठेवायला गेलो होतो, आणि तिनं ते घडी करून परत माझ्या हातात दिलं. तिच्यासाठी एवढं तरी करणं भाग होतं.

घरी आलो आणि बायकोला मात्र सांगितलं. कानापासून सगळं. ती भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुमाले आयकू येत नाही हे मले मालूम हाय. आपला टीव्ही शेजारचे लोक आयकतेत. तुमी लपवून राह्यले म्हणून मी बोलली नाही." मग माझ्याकडे न बघता, पण मला कळेल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पण मले वाटलं होतं, तुमी खरंच तसे आहा."

एवढंच बोलली. त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही.

लग्न झालं. मांडवात मामानं मला एकेका पाहुण्यापुढे नेलं आणि तीच गोष्ट सांगितली. डीजे इतका जोरात होता की ऐकणाऱ्यालाही काही समजत नसावं, पण लोक माझे हात धरत होते, आणि मी हात जोडत होतो. दूर बायकांमध्ये मुलाची आई बसली होती. प्रत्येक वेळी ती दुसरीकडे बघायची.

आता कानाला मशीन आहे. डॉक्टर म्हणाले उशीर केला, जेवढं उरलं तेवढं उरलं. शांत खोलीत बरं चालते. मुलगी-जावई नागपूरहून आले की त्यांना त्या कॅफेतच बसायचं असते. तिथं मशीन लावलं तर चमचे, बर्फ, खुर्च्या, सगळं डोक्यात घुसते. काढलं तर पुन्हा नुसता ढोल. मी लावूनच बसतो.

परवा सगळे होतो. विहीणबाई माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसल्या आणि काही सांगायला लागल्या. मिक्सर सुरू होता. माझी मान आपोआप हलली.

त्या थांबल्या. "काय बोलली मी? सांगा."

जावई, मुलगी, बायको, सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या टेबलावरची पोरंही. माझे कान तापले.

"नाही समजलं," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली, मिक्सर थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अंगणवाडीच्या छताबद्दल होतं. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे होते, आमच्या मिलमधले जुने मिळतील का, असं त्या विचारत होत्या.